टायरच्या कडेवरची अक्षरे



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या मनापुढे गडकोट, तह, नाही तर १८५७ ची धामधूम उभी राहते. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती काळी, वाटोळी आणि रस्त्यावर घासून संपणारी आहे. प्रश्नही अगदी बाजारातला आहे. वेगाने धावणाऱ्या मोटारीचे टायर झिजले, नवे घालावयाचे, तर ते कोणते घालावेत? हा प्रश्न दुकानदाराला विचारावयाचा, व्याख्यात्याला नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. परंतु दुकानदार जे शब्द वापरतो त्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द गेल्या सव्वाशे वर्षांत कोठल्या तरी कारखान्यात, शर्यतीत, कोर्टात किंवा संपात ठरलेला आहे. दुकानदाराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाला मात्र ठाऊक असलेले बरे, कारण जीव त्याचा आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही, कशाचाच नाही. एकोणिसाव्या वर्षी टायरच्या एका कारखान्यात चिकटलो, पुढे युनियनचे काम अंगावर घेतले, आणि जे काही वाचले ते पाळ्यांच्या आणि वाटाघाटींच्या मधल्या वेळात. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. त्याने एक जर्मन बनावटीची वेगवान मोटार जुनी विकत घेतली. तो कचेरीत येऊन म्हणाला, "काका, चारही टायर बदलायचेत. दुकानदार तीन कंपन्यांचे तीन भाव सांगतो. तुम्ही तर टायर बांधलेत. कोणता घेऊ?" मी त्याला म्हटले, भाव राहू दे, आधी चाकापाशी उकिडवा बस आणि टायरच्या कडेवर काय लिहिले आहे ते मला वाचून दाखव. त्याने वाचले : २२५/४५ आर १७, ९१ वाय. आणि मग विचारले, "हे काय?" आजचे व्याख्यान म्हणजे त्याच्या त्या प्रश्नाचे जरा लांबलेले उत्तर आहे.

पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा उंची, रुंदीच्या शेकडा पंचेचाळीस. सतरा म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा व्यास, आणि तो इंचांत. एकाच ओळीत फ्रेंचांचा मिलिमीटर आणि इंग्रजांचा इंच सुखाने नांदत आहेत, आणि हे भांडण कोणीही अद्याप मिटवलेले नाही. ९१ ह्या खुणेचा अर्थ एक टायर ६१५ किलो भार पेलतो. राहता राहिली दोन अक्षरे, 'आर' आणि 'वाय'. खरा इतिहास ह्या दोन अक्षरांत आहे.

हवा भरलेले चाक प्रथम कोणाला सुचले? स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनला, १८४५ साली. त्याने पेटंट घेतले आणि जग ते विसरले. त्रेचाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टला जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलपचे पेटंट रद्द ठरले, पण नाव मात्र डनलपचेच राहिले. फ्रान्समध्ये क्लेर्माँ-फेराँ गावच्या मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये सायकलीसाठी काढता-घालता येणारा टायर केला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार पळवली. पंक्चर इतकी झाली की लोक हसले. चार वर्षांनी, १८९९ मध्ये, कामिय झेनाट्झीने विजेवर चालणारी मोटार ताशी १०० किलोमीटरच्या पलीकडे नेली, तीही मिशेलिनच्या टायरांवर. मग हसणे थांबले. (जाता जाता सांगतो : आपण जिला 'स्टेपनी' म्हणतो ते जादा चाक वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ मध्ये निघाले. खुद्द इंग्रज तो शब्द विसरले. आपल्याकडचा ट्रक ड्रायव्हर विसरला नाही.)

आता 'आर'कडे येऊ. हे अक्षर रेडियलचे.

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. आत दोऱ्यांचे थर असतात. भार दोरा आणि हवा मिळून पेलतात, रबर फक्त झाकते आणि रस्ता पकडते. जुन्या टायरात हे थर एकमेकांवर तिरके, खाटेच्या नवारीसारखे, टाकलेले असत. चाक फिरताना दोरे एकमेकांवर घासत, टायर तापत असे, आणि वळणावर साइडवॉल वाकली की तिच्याबरोबर रस्त्याला टेकलेला भागही मुरडत असे. म्हणजे ज्या क्षणी पकड हवी त्याच क्षणी ती सुटे.

ह्यावर तोड काढणारा माणूस मारियस मिन्योल. तो मिशेलिनमध्ये लागला तो कारखान्याच्या छापखान्यात. अंगी शिक्षणाची पदवी नव्हती. हिशेब सोपा करणारी एक सरकपट्टी त्याने स्वतःच्या डोक्याने तयार केली होती. ती मालक एदुआर मिशेलिन ह्यांच्या पाहण्यात आली आणि त्यांनी त्याला उचलून संशोधनाच्या खात्यात नेऊन बसवले. मालकवर्गाविषयी मी एरवी काय बोलतो ते इथल्या काही मंडळींना माहीत आहे. पण ह्या एका गोष्टीसाठी मी त्या मालकाला नमस्कार करतो. पदवी न विचारता माणूस ओळखला.

टायर तापतो तो नेमका कशाने, हे मिन्योलला पाहावयाचे होते. म्हणून त्याने साइडवॉलचे रबरच काढून टाकले आणि तिथे विरळ आडव्या पोलादी तारा ताणल्या. कामगारांनी त्या विचित्र टायराला 'माशांचा पिंजरा' म्हणावयास सुरुवात केली. आणि हा पिंजरा नेहमीच्या टायरापेक्षा पुष्कळच कमी तापला! ह्यातून नवी रचना निघाली. दोरे काठापासून काठापर्यंत सरळ, चाकाच्या गतीशी काटकोनात. आणि त्यांच्यावर, नक्षीच्या खाली, पोलादी तारांचे पट्टे. साइडवॉल आपली लवचीक राहिली, तळवा आपला घट्ट राहिला, एकाची खोडी दुसऱ्याला लागेना. हे काम जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये गुपचूप चालू होते. पेटंटचा अर्ज ४ जून १९४६ चा. १९४९ मध्ये 'मिशेलिन एक्स' ह्या नावाने टायर बाजारात आला. इटलीत पिरेलीच्या एमानुएलीने पोलादाऐवजी कापडी पट्ट्यांचा 'चिंतुरातो' काढला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत युरोपातल्या नावाजलेल्या वेगवान मोटारी ह्या दोहोंच्या जातीच्या टायरांवर उभ्या राहिल्या.

अमेरिकेने मात्र पाय ओढला. रेडियल बांधण्यास नवी यंत्रे लागतात, आणि तिथल्या मोठ्या कंपन्यांचा पैसा जुन्या यंत्रांत अडकलेला होता. शिवाय रेडियल दुप्पट टिकतो. म्हणजे निम्मे गिऱ्हाईक गेले. पुढे मोटार-कंपन्यांनीच रेडियल मागितले तेव्हा धावपळ सुरू झाली. फायरस्टोन कंपनीने जुन्या यंत्रांत डागडुजी करून घाईने 'फायरस्टोन ५००' नावाचा रेडियल काढला. पोलादी तारेला पितळेचा मुलामा देतात तो एवढ्यासाठी की रबरातला गंधक पितळेला धरून राहावा. ती धराधरी नीट झाली नाही की पट्टा सुटतो, आणि वेगात असताना सगळी नक्षी सालपटासारखी निघून येते. ह्या टायरांचे तेच झाले. १९७८ साली एक कोटीहून अधिक टायर परत मागवावे लागले. कंपनी खिळखिळी झाली आणि १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोनने ती विकत घेतली. ह्या विक्रीचा धागा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा हाती घ्यावयाचा आहे.

मग 'वाय'. हे वेगाचे अक्षर. ह्या अक्षरमालेत एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. मालिकेत एच हे अक्षर यू आणि व्ही ह्यांच्या मध्ये कसे घुसले असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतो. कारण साधे आहे. आरंभी युरोपात एस, एच आणि व्ही एवढ्या तीनच इयत्ता होत्या. बाकीच्या मागाहून आल्या आणि मिळेल त्या जागी बसल्या.

हे अक्षर म्हणजे शोभा नव्हे. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो चपटा होतो. उचलला की पुन्हा गोल होतो. गोल होण्यास त्याला थोडा वेळ लागतो. वेग इतका वाढला की गोल होण्याच्या आतच त्याची पुढली पाळी आली, तर टेकलेल्या जागेच्या मागे टायरवर लाटा उठतात. वस्तुसंग्रहालयात नव्हे, प्रयोगशाळेतल्या ढोलावर ह्या लाटांचे चित्र घेतलेले मी पाहिले आहे. टणक रबर कणकेसारखे हेलकावते. त्या लाटांची सगळी शक्ती उष्णतेत जाते आणि टायर काही मिनिटांत फुटतो. म्हणून मोटारीबरोबर आलेल्या अक्षराच्या खालचे अक्षर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. "आम्ही कुठे तीनशेने जातो?" असे लोक म्हणतात. खरे आहे. परंतु वरच्या अक्षराचा टायर केवळ वेगासाठी नसतो. उष्णता सोसण्यासाठी आणि वळणावर ताठ राहण्यासाठी तो तसा बांधलेला असतो, आणि त्या ताठपणावर मोटारीचे स्प्रिंग आणि ब्रेक बेतलेले असतात.

ह्या बांधणीचा कळस १९७० च्या दशकात झाला. पिरेलीने लान्चिया स्ट्राटोस ह्या रॅलीच्या मोटारीसाठी 'पी ७' केला : रुंद, बुटका, आणि पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचा फेटा परिघाच्या दिशेने आवळून बांधलेला. वेगात टायर बाहेरच्या बाजूला फुगू पाहतो, त्याला हा फेटा दाबून धरतो. पोर्शे ९११ टर्बोला तो बसला. १९७८ च्या लांबोर्गिनी काउंटाकच्या मागल्या चाकांवर तर ३४५ मिलिमीटर रुंदीचा. आज रस्त्यावर जे रुंद-बुटके टायर दिसतात ते ह्याचे वंशज. पुढे कंपन्यांनी आपापल्या मोटारींसाठी टायर वेगळे घडवून घेऊन त्यांच्यावर खुणा केल्या : पोर्शेचे 'एन' आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूचा तारा, मर्सिडीजचे 'एमओ'. ती खूण नसलेला टायर वाईट असतो असे नाही. परंतु दोन खुणांचे, दोन नक्षींचे टायर एका आसावर मिसळू नयेत हे मात्र पक्के.

अमेरिकन टायरांवर आणखी एक आकडा सापडतो, झिजेचा. शंभर म्हणजे सरकारी नमुन्याइतका टिकाऊ, दोनशे म्हणजे दुप्पट. टेक्सासात सॅन अँजेलो गावाभोवती ७२०० मैल मोटारी फिरवून हे मापतात. मात्र अंतिम आकडा टायर-कंपनी स्वतःच छापते. आपल्या प्रगतिपुस्तकावर आपणच गुण मांडण्याचा हा प्रकार. शर्यतीच्या जातीच्या मऊ टायरचा आकडा कमी असतो, आणि तो कमी असणेच रास्त आहे. मऊ रबर रस्ता धरते आणि लवकर झिजते. दोन्ही पदरात पाडून देतो असे कोणी म्हटले तर त्याच्याकडून घेऊ नये.

आता पावसाविषयी दोन शब्द, कारण आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या 'नासा' संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि त्यांचे सहकारी विमानाची चाके ओल्या धावपट्टीवर का घसरतात हे शोधत होते. त्यांना आढळले की विशिष्ट वेगाला टायर पाणी बाजूला सारू शकत नाही, पाण्यावर चढतो, आणि मग सुकाणू व ब्रेक दोन्ही नावापुरते उरतात. पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल तर हा वेग मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतो. छत्तीस पौंड हवा असेल तर तो ताशी सुमारे १०० किलोमीटर. पंचवीस पौंड असेल तर सुमारे ८३. नीट नक्षीचा टायर ह्या हद्दीच्या पुढे टिकतो, गोटा झालेला टिकत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची सपाटीवरची वेगमर्यादा १०० आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. कायदा १.६ मिलिमीटर नक्षी चालवून घेतो. रुंद टायरच्या वेगवान मोटारीला श्रावणात ती पुरत नाही, आणि माझे मत विचाराल तर तीन मिलिमीटरला टायर उतरवावा. दोनच नवे घ्यावयाचे असतील तर ते मागे घालावेत. पुढची चाके घसरली तर मोटार सरळ जाते आणि माणूस घाबरून पाय उचलतो; मागची घसरली तर मोटार भोवऱ्यासारखी फिरते आणि ती सावरणे नेहमीच्या चालकाचे काम नव्हे.

हवेवरून शेव्हरले कॉर्व्हेअर आठवते. १९६० चे मॉडेल म्हणून निघालेल्या ह्या मोटारीचे इंजिन मागे होते, आणि तोल राखण्यासाठी पुढे १५ पौंड, मागे २६ पौंड हवा ठेवावी असे कंपनीने ठरवले. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या चारही चाकांत सारखी हवा भरतो हे कंपनीला ठाऊक नव्हते काय? राल्फ नेडर ह्यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात ह्या मोटारीचा पंचनामा केला. दाराच्या चौकटीवर पुढच्या-मागच्या हवेचे आकडे चिकटवलेले असतात. ते वाचणे फुकट आहे.

इथवर जे सांगितले ते जाणती दुकानेही सांगतात. आता जे सांगणार आहे ते फारसे कोणी सांगत नाही.

कडेवर आणखी एक लांबट कोष्टक असते. त्याच्या अखेरचे चार आकडे म्हणजे टायर ज्या आठवड्यात शिजला तो आठवडा आणि ते वर्ष. '२३१९' असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. ही चार आकड्यांची रीत २००० सालापासूनची. त्याआधी तीन आकडे असत आणि दशकाचा घोळ होई. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. हवेतला प्राणवायू आत मुरतो आणि रबर कडक होते. नक्षी नवी दिसते, पकड गेलेली असते. वेगवान मोटारीच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण अशा मोटारी पुष्कळदा शोभेला ठेवतात, वर्षातून थोड्याच धावतात, आणि त्यांचे टायर झिजण्याच्या आधी वयाने मरतात. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा येथे पोर्शे कॅरेरा जीटी ही सहाशे अश्वशक्तीची मोटार खांबावर आणि झाडांवर आदळून दोघे जण मेले. त्यांतला एक नामांकित चित्रपट-नट होता, म्हणून बातमी जगभर गेली. मार्च २०१४ मध्ये तपासाचा निष्कर्ष आला. वेग ताशी १२९ ते १५० किलोमीटर, त्या रस्त्याची मर्यादा ७२. आणि टायर नऊ वर्षांहून जुने. मुख्य कारण वेग, यात शंका नाही. परंतु तपास अधिकाऱ्यांना टायरच्या वयाची नोंद करावी लागली. काही मोटार-कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, काही टायर-कंपन्या फार तर दहा वर्षे म्हणतात. आपल्याकडे जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांची आयात मोकळ्या यादीतून काढून परवान्याखाली आणली. विलायती मोटारींच्या मोठ्या मापांना त्याचा फटका बसला. अशा टंचाईच्या वेळी गोदामात पडून राहिलेला माल पुढे सरकवला जातो. म्हणून भावाच्या आधी तारीख विचारावी, आणि दुकानदाराच्या तोंडून नव्हे, टायरच्या कडेवरून.

ह्याच कोष्टकाच्या आरंभी दोन किंवा तीन अक्षरे असतात. ती कारखान्याची. कंपनीची नव्हे, त्या विशिष्ट गावातल्या विशिष्ट कारखान्याची. ऑगस्ट २००० मध्ये लक्षावधी अमेरिकन माणसे आपल्या गाडीखाली डोके घालून ही अक्षरे शोधत होती, कारण पूर्ण कोष्टक टायरच्या एकाच बाजूला कोरलेले असे आणि ती बाजू पुष्कळदा आतल्या अंगाला असे. ते शोधत होते ती अक्षरे होती 'व्हीडी'. म्हणजे इलिनॉय राज्यातले डिकेटर.

मघाचा धागा इथे हाती घेऊ. ब्रिजस्टोनच्या मालकीच्या ह्या फायरस्टोन कारखान्यात करार संपला तेव्हा, १९९४ च्या आरंभी, व्यवस्थापनाने मागणी केली : बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्याही कधी दिवस कधी रात्र अशा फिरत्या, आणि नव्या कामगाराला तीस टक्के कमी पगार. १९३५ मध्ये अ‍ॅक्रन गावी स्थापन झालेल्या रबर कामगारांच्या युनियनने जुलै १९९४ मध्ये संप पुकारला. पाच कारखान्यांतले चार हजारांवर कामगार बाहेर पडले. जानेवारी १९९५ मध्ये कंपनीने त्यांच्या जागी २३०० माणसे कायमची भरण्याचे जाहीर केले. मे महिन्यात युनियनने बिनशर्त माघार घेतली. त्याच वर्षी ती पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये विलीन झाली. संपकरी हळूहळू परत घेतले गेले. ज्यांनी त्यांच्या जागा घेतल्या त्यांच्याच शेजारी उभे राहून ते काम करू लागले. करार झाला डिसेंबर १९९६ मध्ये.

ह्या काळात तिथे जे टायर बांधले गेले त्यांतले पुष्कळ फोर्ड एक्स्प्लोररवर बसले. वेगात नक्षी सुटू लागली, उंच गाड्या उलटू लागल्या. ९ ऑगस्ट २००० रोजी १.४४ कोटी टायर परत बोलावले. अमेरिकन सरकारच्या नोंदीत मृत्यूंचा आकडा २७१ पर्यंत गेला. कंपनीने म्हटले, फोर्डने हवा २६ पौंड ठेवावयास सांगितली म्हणून टायर तापले. फोर्डने म्हटले, टायरच वाईट. नक्षीच्या खांद्याच्या घडणीत आणि पट्ट्यांच्या काठांमधल्या रबरातही दोष निघाला. खटल्यांत जुन्या कामगारांनी साक्षी दिल्या की वाळलेले रबर चिकटावे म्हणून त्यावर द्रावण फासले जाई आणि फुगे आले तर ते टोच्याने फोडले जात.

पण डिकेटरच का? त्याच घडणीचे टायर इतर कारखान्यांतही होत होते. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अॅलन क्रूगर आणि अलेक्झांद्र मास ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला आणि डिकेटरची तुलना नॉर्थ कॅरोलायनामधल्या विल्सन आणि कॅनडातल्या जोलिएट येथल्या कारखान्यांशी केली. त्यांचा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो डिक्शनरी शेजारी ठेवून तीन आठवडे वाचला. तो निबंध असे म्हणत नाही की नवखे लोक आले म्हणून टायर बिघडले. माझ्या पेशाच्या माणसाला तसे म्हणणे सोयीचे होते. दोषी टायर विशेषकरून दोन वेळी वाढले. एक, १९९४ च्या आरंभी, पगारकपातीची मागणी टेबलावर आली तेव्हा. त्या वेळी संप सुरूही झाला नव्हता आणि काम जुनेच हात करीत होते. दुसरे, १९९५ च्या अखेरीस आणि १९९६ च्या आरंभी, जेव्हा संपकरी आणि त्यांच्या जागी आलेले लोक खांद्याला खांदा लावून, एकमेकांशी न बोलता, काम करीत होते. ह्या कलहापायी चाळीसहून अधिक माणसे मेली असा त्यांचा अंदाज आहे.

ज्याने टायर बांधला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ढोलावर थर गुंडाळताना जोड कुठे आला, किती चढला, खाली हवा राहिली का, हे बांधणाऱ्याचा अंगठा ओळखतो. पुढे कच्चा टायर प्रेसमध्ये शिजला की ते कोणालाही दिसत नाही. शंका आली तर नग बाजूला काढावयाचा. हे बाजूला काढणे म्हणजे आपला नग आपणच बुडवणे. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला हाक मारून "जरा बघ रे" म्हणावयाचे, तर तो माणूस आपल्याशी बोलणारा असावा लागतो. बाराव्या तासाला अंगठा बधिर होतो, हेही मी पाहिले आहे. ज्यांनी त्या १९९४ च्या वसंतात दोषी टायर पुढे जाऊ दिले त्यांची मी वकिली करणार नाही. रस्त्यावर मेलेल्यांनी त्यांचे काही वाकडे केले नव्हते. पण त्या टायरवर रुंदी, भार, वेग, आठवडा, कारखाना सगळे कोरलेले होते, आणि आत काय चालले आहे ह्याचे एकही अक्षर नव्हते.

ह्या प्रकरणानंतर नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला. कंपन्यांना दोषांच्या तक्रारी सरकारला वेळेवर कळवणे भाग पडले आणि पुढे प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा आला. आपल्याकडच्या महागड्या मोटारींत पिवळा दिवा लागतो तो ह्याच घराण्यातला. डिकेटरचा कारखाना डिसेंबर २००१ मध्ये बंद झाला. सुमारे पंधराशे माणसे घरी गेली. त्यांत जे संपावर गेले होते ते होते, आणि जे त्यांच्या जागी आले होते तेही होते.